वृद्धाश्रमात भेटायला जाताय? मग वार ठरवून जा

वृद्धाश्रमात कोणी फिरकत नाही असं आपण सहज बोलून जातो, पण ते काही पूर्ण खरं नाहीये. १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनाला, शहराजवळच्या कुठल्याही नावाजलेल्या वृद्धाश्रमात जाऊन बघा, गर्दी असते. दिवाळीच्या आठवड्यात फराळाचे इतके डबे येतात की मावशींना ठेवायला जागा पुरत नाही, एरवीही कोणाच्या मुलाचा पहिला वाढदिवस असतो, कोणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध असतं, एखाद्या कॉलेजची मुलं बस करून येतात, फळवाटप होतं, दोन गाणी होतात, फोटो होतात आणि तासाभरात सगळे परत गाडीत. येणाऱ्यांचं मन चांगलंच असतं, त्याबद्दल मला अजिबात शंका नाही. पण त्याच्या पुढच्या मंगळवारी दुपारी चार वाजता, चहाचे कप गोळा झाल्यावर, तिथे भेटायला कोण येतं? बहुतेक वेळा कोणीच नाही.

म्हणून हा लेख. म्हाताऱ्या माणसाला भेटायला जायचं यात समजावून सांगण्यासारखं काय आहे असं वाटेल, पण या विषयावर गेली पन्नास वर्षं बराच अभ्यास झालाय आणि त्यातून जे निघालं ते आपल्याकडच्या 'एक दिवस आजी-आजोबांसोबत' या पद्धतीच्या जवळपास उलट आहे. एकाच माणसाकडे, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जाणं आणि जाणं थांबवायचं असेल तर नीट सांगून थांबवणं, सगळा फरक यानेच पडतो.

आधी एकाकीपणा म्हणजे नक्की काय ते बघू, कारण गल्लत इथेच होते. वृद्धाश्रमात माणूस एकटा कधीच नसतो. एका खोलीत तीन-चार कॉट, जेवायला पंगत, संध्याकाळी हरिपाठ, हॉलमध्ये दिवसभर टीव्ही चालू. तरी आतून एकदम रिकामं वाटत असतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये याची दोन भागांत मांडणी केली, ती मला अजूनही सगळ्यात सोपी वाटते. एक म्हणजे आपली माणसं, आपला घोळका नसणं: आपली गल्ली, आपली भिशी, भजनी मंडळ, कट्ट्यावरचे मित्र. दुसरं म्हणजे मनातलं बोलता येईल असं एक जवळचं माणूस नसणं. आणि महत्त्वाचं हे की एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही. नवरा गेलेल्या आजींना पन्नास जणांच्या कार्यक्रमात पुढच्या खुर्चीवर बसवलं, शाल-श्रीफळ दिलं, तरी जे गेलंय ते तिथून मिळत नाही.

आता शरीराचं. शिकागो विद्यापीठातले जॉन कॅसिओपो यांनी आयुष्यभर एकाकीपणावर काम केलं, २०१८ मध्ये ते वारले. त्यांचं म्हणणं असं की एकाकीपणा हा भूक किंवा तहान लागण्यासारखा शरीराचा इशारा आहे, माणसांची गरज आहे हे सांगणारा. पण हा इशारा महिनोन् महिने वाजतच राहिला तर झोप तुटक होते, कॉर्टिसॉलसारखे ताणाचे हार्मोन वाढलेले राहतात, रक्तदाब वाढतो. आणि अजून एक होतं जे भेटायला जाणाऱ्याने पक्कं लक्षात ठेवायला हवं, ते म्हणजे माणूस सावध होतो, संशयी होतो, समोरचा आपल्याला टाळतोय असं त्याला सारखं वाटायला लागतं, मग तो खेकसतो किंवा तोंड फिरवतो आणि लोक खरंच टाळायला लागतात. त्यामुळे वृद्धाश्रमात ज्या आजोबांना सगळे तिरसट म्हणतात, बऱ्याचदा गरज त्यांनाच सगळ्यात जास्त असते, आणि त्यांच्याच कॉटपाशी कोणी थांबत नाही.

हे किती गंभीर आहे याचा अंदाज यावा म्हणून थोडे आकडे. २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लुन्स्टाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र करून तपासले, तीन लाखांवर माणसांची माहिती होती, आणि ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट होते त्यांची त्या काळात जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्के जास्त निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात जगात सहापैकी एकाला एकाकीपणाचा त्रास आहे आणि त्याच्याशी जोडलेले वर्षाला ८ लाख ७१ हजार मृत्यू होतात असा अंदाज दिलाय. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये या विषयाची जबाबदारी थेट एका मंत्र्याकडेच दिली. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढचे १० कोटींच्या वर लोक होते, आता तर ते बरेच वाढलेत.

आता मुख्य गोष्ट, एक प्रयोग. १९७६ मध्ये संशोधक रिचर्ड शुल्झ यांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात एका वृद्धनिवासात तो केला, तिथले साधारण ४० जण घेतले आणि त्यांचे चार गट पाडले. भेटायला जाणारी कॉलेजची मुलं होती. पहिल्या गटातल्या आजी-आजोबांना सांगितलं की मुलगा किंवा मुलगी कधी यायची आणि किती वेळ बसायची ते तुम्ही ठरवा. दुसऱ्या गटाला ठरवायचा अधिकार नव्हता, पण कोण कधी येणार आणि किती वेळ थांबणार हे आधी कळवलं जायचं. तिसऱ्या गटाकडे मुलं तितक्याच वेळा यायची, तितकाच वेळ बसायची, पण न सांगता, अचानक. चौथ्या गटाकडे कोणीच नाही. हे दोनेक महिने चाललं.

निकाल काय लागला? पहिले दोन गट तब्येतीने, मनाने, हालचालीने तिसऱ्या-चौथ्यापेक्षा स्पष्ट बरे निघाले, आणि या दोघांत आपसात फारसा फरक नव्हता. म्हणजे वेळ स्वतः ठरवली काय आणि नुसती आधी कळली काय, फायदा तेवढाच. आणि ज्यांच्याकडे अचानक कोणीतरी यायचं ते, कोणीच न आलेल्यांपेक्षा काही बरे नव्हते! हे वाक्य परत वाचा प्लीज. तितकीच मुलं, तितकाच वेळ, गप्पाही तशाच, पण कधी येणार ते माहीत नसलं की फायदा जवळपास शून्य.

असं का होत असेल याचं उत्तर तिथलं रोजचं आयुष्य बघितलं की कळतं. वृद्धाश्रमात राहायला गेल्यावर माणसाच्या हातातून आधी काय जातं तर 'कधी' हा शब्द. कधी उठायचं, कधी आंघोळ, कधी जेवण, कधी दिवे बंद, सगळं दुसऱ्याने ठरवलेलं, ते चालवणाऱ्यांचाही नाइलाज असतो कारण चाळीस-पन्नास माणसांचं दोन-तीन मावशींनी करायचं असतं. त्यात मंगळवारी चारला अमुक येणार आहे एवढं कळलं की सोमवारपासूनच वाट बघणं सुरू होतं, मंगळवारी सकाळी धुतलेलं पातळ काढलं जातं, केस नीट विंचरले जातात, त्याला काय सांगायचं ते मनात जुळवलं जातं, शेजारच्या कॉटवर दोनदा सांगून होतं की आज आमच्याकडे पाहुणे आहेत. भेट तासाची असते पण तिच्याभोवती दोन दिवस उभे राहतात. अचानक येणाऱ्या बसभर मुलांमुळे असं काहीच होत नाही, उलट कधीकधी दुपारची झोप मोडते.

पण या कथेचा दुसरा भाग आहे आणि तो कमी सांगितला जातो. १९७८ मध्ये शुल्झ आणि बार्बरा हनुसा यांनी पुढचा अभ्यास छापला. प्रयोग संपला, मुलं यायची थांबली, आणि त्यानंतर दोन वर्षांनी, अडीच वर्षांनी, साडेतीन वर्षांनी त्याच लोकांची परत पाहणी केली. जे दोन गट सुधारले होते तेच घसरले. बाकीचे होते तसेच राहिले. म्हणजे वाट बघायची सवय लावली आणि मग वाट बघायला काही ठेवलं नाही, याची किंमत त्या माणसांनी मोजली. संशोधकांनी स्वतःच तो नैतिक प्रश्न मांडला की असं काही सुरू करताना नंतरची सोय आधीच करून ठेवायला हवी. मला विचाराल तर या विषयावरचं सगळ्यात महत्त्वाचं वाचन हे आहे, कारण आपल्याकडे सुरुवात जोरात होते आणि परीक्षा, नोकरी, बदली, लग्न आलं की जाणं हळूहळू बंद होतं, कोणी काही सांगत नाही, आणि आजी रोज मावशींना विचारत राहतात.

मग जायचं कसं? आधी फोन करून व्यवस्थापकांशी बोला. 'काय देऊ' असं विचारू नका, 'कोणाकडे कोणीच येत नाही आणि त्यांना गप्पा आवडतील' असं विचारा. मग त्या एका व्यक्तीला विचारा की मी आलो तर चालेल का. नाही म्हणायचा हक्क त्यांना आहे आणि कोणी नाही म्हणालं तर वाईट वाटून घ्यायचं नाही. आठवड्यातून एकदा जमत नसेल तर पंधरा दिवसांतून एकदा ठरवा पण जेवढं ठरवलं तेवढं पाळा, आणि एखाद्या वेळी जमणार नसेल तर आदल्या दिवशी फोन करून निरोप त्यांच्यापर्यंत पोचला का तेवढं विचारून घ्या. कॅलेंडरवर, कालनिर्णय बहुतेक खोल्यांत असतंच, पुढच्या भेटीच्या तारखेला त्यांच्याच हाताने गोल करून घ्या. हा गोल म्हणजे शुल्झ यांच्या अभ्यासातला दुसरा गट, इतकं सोपं आहे ते.

पहिल्या काही भेटी अवघड जातात. मी ज्या आजोबांकडे जातो ते एसटीत कंडक्टर होते, आणि पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणाले, फोटो काढायचा असेल तर काढा आणि निघा, आम्हाला चहा आहे. मी फोटो नाही काढला, बसलो नुसता. पुढच्या वेळी परत त्याच वेळी गेलो तेव्हा काही बोलले नाहीत पण स्टूल पुढे सरकवलं. गप्पा सुरू कशावरून झाल्या तर मी महाबळेश्वरला जाणार होतो त्यावरून. स्वारगेट, कात्रज, शिरवळ, सुरूर, वाई, पाचगणी, त्यांनी थांबे धडाधड सांगितले, मग टप्पा म्हणजे काय, पेटीतली तिकिटं कशी लावायची, पंच कसा धरायचा म्हणजे गर्दीत हात दुखत नाही, सुट्ट्या पैशांवरून भांडणारा माणूस कसा शांत करायचा. हातात पंच नव्हता पण बोटं बरोबर तशीच हलत होती. त्या दिवशी त्यांनी मला काहीतरी शिकवलं, आणि नेमकं तेच वृद्धाश्रमात कोणी त्यांच्याकडून घेत नाही. सगळे द्यायलाच येतात. आपण काही मागावं, लोणच्याचं प्रमाण विचारावं, स्वेटरची वीण विचारावी, ओव्या म्हणायला सांगाव्यात आणि लिहून घ्याव्यात, त्याने भेट एकदम बरोबरीची होते.

जुन्या गोष्टी परत परत सांगतात म्हणून वैतागू नका. रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञांनी १९६३ मध्येच मांडलं होतं की म्हातारपणी आयुष्य उलगडून परत बघणं हे काही भ्रमिष्टपणाचं लक्षण नाही, ते मनाचं एक नैसर्गिक काम आहे. तीच गोष्ट तिसऱ्यांदा आली की वेगळा प्रश्न विचारा, तेव्हा बरोबर कोण होतं, घरी काय म्हणाले, की त्याच गोष्टीतून नवीन काहीतरी निघतं.

ऐकू कमी येणं हा फार मोठा मुद्दा आहे आणि आपण तो विसरतो. बरेच जण गप्प असतात कारण त्यांना ऐकूच येत नाही, आणि सारखं 'काय?' विचारायची लाज वाटते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका वाढवणारी जी १४ टाळता येण्यासारखी कारणं दिलीत त्यात ऐकू न येणं आणि लोकांपासून तुटणं ही दोन्ही आहेत, आणि वृद्धाश्रमात ती बहुतेक हातात हात घालूनच येतात. म्हणून टीव्हीपासून लांब बसा, उजेड आपल्या तोंडावर पडेल असं बसा, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला बसा, ओरडू नका, फक्त सावकाश आणि स्पष्ट बोला. कानाचं मशीन असेल तर त्यातला सेल संपलाय का बघा, मशीन महिनोन् महिने ड्रॉवरमध्ये पडून असतं कारण सेल बदलायला कोणाला वेळ नसतो.

डिमेन्शिया असलेल्यांकडे जाताना 'ओळखलंत का मला?' हा प्रश्न कधीच नको. ती परीक्षा असते आणि त्यात ते नापास होतात तेव्हा त्यांना ते कळतं. आपणच नाव सांगायचं, दरवेळी, पहिल्यांदा भेटल्यासारखं. आजी म्हणाल्या की हे ऑफिसातून यायचेत, तर ते जाऊन वीस वर्षं झाली असं सांगून त्यांना परत विधवा करू नका, कुठल्या ऑफिसात आहेत ते विचारा, आल्यावर चहा लागतो का विचारा. आठवण राहत नाही म्हणून भेट वाया गेली असंही नाही, आपण आलो होतो हे विसरलं तरी नंतर मन बराच वेळ शांत राहतं, मावशींना विचारून बघा.

आणि बोली. खानदेशातल्या आजी पुण्याच्या आश्रमात असतील आणि कोणीतरी येऊन अहिराणीत चार वाक्यं बोललं तर चेहरा बदलतो, मालवणीचं, वऱ्हाडीचंही तसंच. परदेशात हे अजून तीव्र असतं. कॅनडात, ब्रिटनमध्ये केअर होममध्ये राहणारे आपले लोक आहेत, डिमेन्शियात नंतर शिकलेली भाषा आधी मागे पडते आणि पहिली भाषा राहते असं बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं, मग चाळीस वर्षं इंग्लिश बोलणारी बाई फक्त मराठी बोलायला लागते आणि नर्सला काही समजत नाही. तिथल्या महाराष्ट्र मंडळांनी गणपती आणि दिवाळीच्या पलीकडे हे एक काम अंगावर घेतलं तर फार मोलाचं होईल.

काही गोष्टी मात्र करायच्या नाहीत. मुलं किती, येतात का, असे का वागले, हे विचारायचं नाही. वृद्धाश्रमात असलेल्या सगळ्यांना मुलांनी टाकलंय हा समज चुकीचा आहे, कोणी लग्न केलेलं नसतं, कोणाला मूलबाळ नसतं, कोणाची मुलं परदेशात असतात, आणि कोणी स्वतःहून, विचार करून आलेलं असतं. व्यवस्थापकांना न विचारता खायला द्यायचं नाही, शुगर असलेल्या आजोबांना चोरून दिलेला पेढा हे प्रेम वाटतं पण रात्री त्रास मावशींना आणि त्यांनाच होतो, आणि गिळायला त्रास असणाऱ्याला तर साधं केळंही धोक्याचं ठरू शकतं. औषधांना हात नाही. पैशांचा व्यवहार नाही, घेणंही नाही आणि उसने देणंही नाही, कुठल्याही कागदावर, मृत्युपत्रावर तर नाहीच नाही, साक्षीदार म्हणून सही नाही. 'मुलाला फोन लावून दे' म्हणाल्या तर आधी व्यवस्थापकांशी बोला, त्यामागे काय आहे ते आपल्याला माहीत नसतं. सर्दी-खोकला असेल तर जाऊ नका, फोन करा. फोटो त्यांनी स्वतः काढ म्हटल्याशिवाय नाही, आणि काढलाच तर तो त्यांना छापून द्या, स्टेटसला लावू नका.

अंगावर जखमा दिसल्या, माणूस एकदम खंगला, भेदरल्यासारखा वाटला तर गप्प बसू नका. आधी व्यवस्थापक, आणि तिथे दाद लागली नाही तर एल्डरलाइन, नंबर १४५६७, ज्येष्ठांसाठीची देशभर चालणारी मोफत हेल्पलाइन आहे. २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे, त्याखाली प्रांत दर्जाच्या अधिकाऱ्याकडे न्यायाधिकरण असतं. त्याच कायद्यात दर जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांचा एक वृद्धाश्रम असावा असंही म्हटलंय, पण राज्याने तो 'काढावा' असं न म्हणता 'काढू शकेल' असं म्हटल्यामुळे तो विषय ढिलाच राहिला.

माणसं कुठून आणायची हा शेवटचा प्रश्न. नेदरलँड्समध्ये डेव्हेंटर गावात ह्युमॅनिटास नावाचं वृद्धनिवास कॉलेजच्या मुलांना फुकट खोली देतं आणि बदल्यात महिन्याला ३० तास आजी-आजोबांचा चांगला शेजारी म्हणून द्यायचे, असा करार आहे. मुंबईत २०२२ मध्ये रतन टाटांच्या गुंतवणुकीतून गुडफेलोज सुरू झालं, तिथे तरुण मुलं पगार घेऊन ज्येष्ठांना सोबत करतात. दोन्ही चांगलं आहे, पण मोफत वृद्धाश्रमातल्या आजींपर्यंत ते पोचणार नाही. आपल्याकडे त्यासाठी एक तयार यंत्रणा पडून आहे, ती म्हणजे एनएसएस, कॉलेजांमधली राष्ट्रीय सेवा योजना. १९६९ पासून चालू आहे, त्यात नाव घातलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं. ते तास बऱ्याचदा एका दिवसाच्या बसमध्ये, रॅलीत आणि भिंती रंगवण्यात जातात. त्याऐवजी युनिटमधल्या फक्त दहा मुलांना दहा आजी-आजोबा वाटून द्या, आठवड्याला एक तास, वार ठरलेला. दुसरं वर्ष संपताना शेवटचा महिनाभर प्रत्येकाने पहिल्या वर्षाच्या एका मुलाला सोबत न्यायचं, ओळख करून द्यायची, तिघांनी मिळून चहा घ्यायचा, आणि मग कॅलेंडरवरचा गोल त्या नव्या मुलासमोर करून घ्यायचा. सुट्ट्यांत आणि परीक्षेत त्याच वारी, त्याच वेळी फोन. प्राध्यापकांनी एवढं एका कागदावर वेळापत्रक म्हणून लिहून वृद्धाश्रमाच्या ऑफिसात लावलं तर जूनमध्ये सुरू करता येईल, वेगळा निधी लागत नाही.